बावटा लागण्याआधी

3 जून 2020च्या संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या सगळ्या वाहिन्यांवर एकच बातमी होती: मुंबई वाचली. बातमी खरी होती आणि दोन कोटी माणसांच्या शहराला हायसं वाटणं साहजिक होतं. त्याच वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, म्हसळा, मुरूड आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे केळशी, आंजर्ले या पट्ट्यातून मात्र काहीच कळत नव्हतं. मोबाइल बंद, वीज बंद, रस्त्यांवर झाडं आडवी. टाळेबंदीमुळे मुंबईत अडकून पडलेल्या कोकणातल्या माणसांना आपलं घर उभं आहे की नाही, हे कळायला कितीतरी ठिकाणी दोन-तीन दिवस गेले. 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर आणि झोत 130पर्यंत.

मुंबई वाचली ती नशिबाने नव्हे, बाजूमुळे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. अरबी समुद्रातून ईशान्येकडे सरकणारं वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आलं की केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दक्षिणेला समुद्राकडून जमिनीवर चढतो. शिवाय दक्षिणेच्या बाजूला वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही वाऱ्यात मिसळतो. मुंबई उत्तरेला राहिली. दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली दक्षिणेला आली. म्हणून नकाशावर वादळाचा ठिपका अलिबागजवळ दिसत असताना खरा मार त्याच्या खाली, चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पट्ट्याला बसला. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' हे जहाज त्याच दिवशी लाटांनी आणून टाकलं. ते पुढे कित्येक वर्षं तिथेच रुतून होतं.

आपण इशारा ऐकतो तो आकड्यांत. भारतीय हवामान खात्याच्या मोजपट्टीवर वारा ताशी 62 किलोमीटरला पोचला की कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ होतं आणि त्याला नाव मिळतं. 89पासून ते तीव्र, 118पासून अतितीव्र, 166च्या पुढे त्याहून भीषण आणि 221च्या वर महाचक्रीवादळ. अमेरिकेची पट्टी वेगळी आहे. हर्बर्ट सॅफिर हा अभियंता आणि रॉबर्ट सिम्पसन हा हवामानतज्ज्ञ यांनी ती बसवली. तिच्यात 119 किलोमीटरपासून सुरू होणारे पाच वर्ग आहेत. तिकडे वाऱ्याची सरासरी एका मिनिटाची घेतात, आपल्याकडे तीन मिनिटांची. त्यामुळे तिकडचा आकडा उचलून इकडच्या वादळाशेजारी ठेवता येत नाही.

या पट्ट्यांबद्दल किनाऱ्यावर राहणाऱ्याने दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली ही, की वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या वाऱ्याहून एकशेवीसचा वारा भिंतीवर आणि छपरावर दुप्पट नाही, चौपट जोराने आदळतो. दरवर्षी पावसाळ्याआधी साठ-सत्तरचा वारा पाहिलेल्या माणसाला वाटतं, हे आपण पचवलेलं आहे. निसर्गच्या वेळी पुष्कळांना असंच वाटलं होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: हे आकडे वाऱ्याचे आहेत, पाण्याचे नाहीत. 2005 साली 'कतरिना' मेक्सिकोच्या आखातात पाचव्या वर्गाचं होतं, लुइझियानाच्या किनाऱ्याला लागेपर्यंत ते तिसऱ्यावर उतरलं होतं. तरी त्याने आठ मीटरहून उंच पाणी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर चढवलं आणि न्यू ऑर्लिन्स बुडवलं. 2012च्या 'सँडी'चा वारा किनाऱ्याला पोचताना पहिल्या वर्गाइतकाच होता आणि न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे पाण्याखाली गेली. वर्ग उतरला म्हणून घरी परतणाऱ्या माणसांना असंच पाणी गाठतं. सॅफिर-सिम्पसन पट्टीतून पाण्याच्या उंचीचे आकडे काढूनच टाकले गेले, कारण वर्गावरून पाण्याचा अंदाज बांधणं लोकांच्या जिवावर बेतत होतं.

वादळात समुद्र चढतो तो मुख्यतः वाऱ्याच्या ढकलण्याने. केंद्रात हवेचा दाब कमी असतो आणि तिथे पाणी थोडं वर उचललं जातं, पण हा हिस्सा लहान असतो: दाब एक मिलिबारने उतरला की पाणी जेमतेम एक सेंटिमीटर चढतं. बाकीचं काम वारा करतो. उथळ किनारा, आत शिरणारी खाडी आणि समोरून येणारा वारा असं जुळून आलं की पाण्याला पसरायला जागा राहत नाही. खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यांना आणि खारभूमीच्या बांधाआतल्या वस्तीला हा धोका उघड्या पुळणीवरच्या घरांपेक्षा कमी नसतो, कित्येकदा जास्तच असतो.

आणि हे सगळं कोणत्या भरतीवर येतं, त्यावर गावाचं भवितव्य ठरतं. कोकणातल्या जुन्या माणसांना तिथीवरून भरती काढता येते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. 3 जून 2020ला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा भरती होऊन गेलेली होती, पाणी ओसरत होतं. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावर नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढेल, असा इशारा होता. ते उधाणाच्या ऐन भरतीवर चढलं असतं, तर आज आपण सुपारीच्या वाड्यांबद्दल नव्हे, माणसांबद्दल बोलत असतो. राज्यात त्या वादळाने गेलेल्यांची संख्या दहाच्या आत राहिली. वेळेवर आलेले इशारे, कच्च्या घरांतून शाळांमध्ये हलवलेली हजारो माणसं आणि ओहोटी, या तिन्हींचा त्यात वाटा आहे. ओहोटीचा भरवसा पुढच्या वेळी धरता येणार नाही.

वाडीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण निसर्गने श्रीवर्धनचं जे नेलं ते आकड्यांच्या तक्त्यात नीट मावत नाही. तिथली वाडी म्हणजे घरामागची पाच-दहा गुंठ्यांची जागा. वर माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, खाली जायफळ, केळ, अळू. पोफळ ही सडपातळ, उंच वाढणारी, सावलीला धार्जिणी. माड पडले की उरलेल्या पोफळींच्या अंगावर थेट ऊन येतं आणि वादळातून वाचलेलं झाडही पुढच्या उन्हाळ्यात होरपळतं. नवं रोप लावलं तर सुपारी दिसायला सहा-सात वर्षं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर कोकण कृषी विद्यापीठाने तिथेच संशोधन केंद्र चालवलं, तिची निवड जात काढली. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या तीन-चार तासांत आडव्या झाल्या.

नुकसानभरपाईसाठी सरकारने फळबागांचा दर वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केला. घोषणेत हा आकडा मोठा वाटतो. हेक्टरात जवळपास शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. शिफारशीच्या अंतराने, 2.7 मीटरवर एक, अशा पोफळी लावल्या तरी पाच गुंठ्यांत सत्तरच्या आसपास झाडं बसतात, जुन्या वाड्यांत त्याहून दाट. म्हणजे सहा-सात वर्षं वाढवलेल्या झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. पडलेलं झाड कापून वाडीबाहेर काढायची मजुरी त्यात सुटत नाही. ओरड झाल्यावर पुढे झाडागणिक मदतीचा निर्णय झाला, पण हेक्टरांत मोजायची सवय कोकणाला लावणं मुळातच चूक होतं आणि ती चूक ज्यांनी केली त्यांना कोकणातल्या वाडीचा आकार माहीत असायला हवा होता.

त्यावर सातबारा. कोकणात तो बहुतेक सामाईक. पणजोबांच्या नावाखाली पंधरा-वीस वारस, अर्धे मुंबईत, काही पुण्यात, एखादा परदेशात. वाडी राखणारा एकच, पण मदत त्याच्या खात्यावर यायची तर बाकीच्यांची संमती हवी. टाळेबंदीत ती संमतीपत्रं गोळा कशी करायची? वादळाची तयारी म्हणजे मेणबत्त्या आणि बिस्किटं एवढंच समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वारस नोंद करून ठेवणं, वाडीतली झाडं मोजून कृषी सहायकाकडून नोंदवून घेणं, घराच्या चारी बाजूंचे आणि छपराचे तारीख असलेले फोटो मोबाइलमध्ये आणि मुंबईतल्या भावाकडेही ठेवणं, ही तयारी आहे. पंचनाम्याला येणाऱ्याला आधी काय होतं ते दाखवावं लागतं. आता जे नाही ते दाखवायचं कसं, हा प्रश्न निसर्गनंतर घरोघरी पडला होता.

अरबी समुद्र एके काळी शांत समजला जाई. बंगालच्या उपसागरात वादळं, आपल्याकडे फक्त पावसाळा, अशी आपली समजूत. ती पूर्वीही पुरती खरी नव्हती; नोव्हेंबर 1948मध्ये मुंबईवरच चक्रीवादळ आलं होतं. आता तर ती सोडूनच द्यायला हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 1982पासूनच्या नोंदी तपासल्या. 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात ती 8 टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रात वादळं पूर्वीपेक्षा जास्त काळ टिकतात, असंही त्यांना आढळलं. समुद्राचं वाढतं तापमान हे त्यामागचं मोठं कारण. 2019 या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यातलं 'क्यार' ऐन दिवाळीत महाचक्रीवादळ झालं. ते किनाऱ्यापासून दूर राहून ओमानच्या दिशेने गेलं, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पाणी वस्तीत शिरलं होतं.

समुद्रावर असलेल्या माणसाची गोष्ट वेगळीच. 'फयान' 11 नोव्हेंबर 2009ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. त्याचा वारा ताशी 85 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पट्टीवर साधं चक्रीवादळ. पण तो ऐन मासेमारीचा हंगाम होता, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नौका खोल पाण्यात होत्या आणि पुष्कळांपर्यंत इशारा पोचलाच नाही. कितीतरी खलाशी परतले नाहीत. आठ वर्षांनी 'ओखी' आलं. कन्याकुमारीजवळ ते इतक्या झपाट्याने वाढलं की केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार समुद्रातच सापडले. भरकटलेल्या साठहून अधिक नौका साडेनऊशेच्या आसपास माणसांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडकरांनी त्यांना आसरा दिला, जेवू घातलं. 2021च्या मे महिन्यात 'तौते' किनाऱ्याला समांतर वर सरकत असताना मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर 261 माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. तौतेचे इशारे कित्येक दिवस आधीपासून येत होते. इशारा मिळणं आणि इशारा मानणं यांच्यामधल्या अंतरात तराफ्यावरच्या माणसांचे जीव गेले.

बंदरावर बावटा लागतो त्याचे अकरा क्रमांक आहेत. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर आहे, तीन आणि चार म्हणजे बंदराला झळ लागेल, पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. आज मोबाइलवर हवामान खात्याचे इशारे येतात, हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राकडून लाटांचा अंदाज येतो. खोल समुद्रात मोबाइल चालत नाही, म्हणून नौकेवर ट्रान्सपॉन्डर आणि व्हीएचएफ संच चालू असणं हे तांडेलाचं पहिलं काम. संच बसवलेला आहे पण बॅटरी उतरलेली, हे चालणार नाही.

निवाऱ्याच्या बाबतीत आपण ओडिशाकडे बघावं. 29 ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. कोणत्या घरातली म्हातारी चालू शकत नाही, कोणती बाई दिवसांत आहे, तिला कोण उचलून नेणार, हे तिथे वादळाआधी ठरलेलं असतं. 2013च्या 'फायलिन'ला दहा लाखांच्या आसपास आणि 2019च्या 'फनी'ला बारा लाख माणसं हलवली गेली. दोन्ही वेळा मृतांचा आकडा दोन अंकांत राहिला. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोवा आले, निवारे आणि भूमिगत वीजवाहिन्यांची कामं त्यात धरली गेली. पण निवारा बांधून पुरत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा त्याचं कुलूप उघडून सगळ्या गावाने तिथवर चालत जाऊन पाहिलं पाहिजे. आपल्याकडे नेमकी हीच सवय नाही.

आता घराचं बोलू. वाऱ्याने छप्पर उडतं म्हणजे नेमकं काय होतं? वारा छपरावरून वेगाने जाताना त्याला वर ओढतो, आणि एकदा वाऱ्याच्या तोंडचं दार किंवा खिडकी फुटली की आत शिरलेली हवा छप्पर खालून ढकलते. छत्री उलटते तसं ते उलटतं. सर्वांत जास्त ओढ लागते ती कडांना, कोपऱ्यांना आणि वळचणीला. पत्र्याचं छप्पर ज्या आकड्यांनी पाईपला धरलेलं असतं ते आकडे खाऱ्या हवेत काही वर्षांत गंजून सुतळीएवढे बारीक होतात. खालून बघून हे कळत नाही. शिडी लावून, आकड्याला हात लावून बघावं लागतं. गंजलेले बदलावेत, कडेच्या दोन ओळींत ते नेहमीपेक्षा जवळजवळ घालावेत. कौलारू घरात वळचणीच्या ओळी आणि वरचे कोने तारेने किंवा चुन्या-सिमेंटने पक्के करावेत. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडून एकसंध ओढू नये. वेगळं असलं तर जाताना ते एकटं जातं. वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या आतून आडणा घालून बंद ठेवावीत.

माडाच्या सुक्या झावळ्या आणि पिकलेले घड ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात उतरवून घ्यावेत. वाऱ्यात सुटलेला नारळ माणूस मारतो. विहिरींवर पंप बसले तशी दोर-कळशी अडगळीत गेली. निसर्गनंतर काही वाड्यांत महिना-दीड महिना वीज नव्हती आणि विहीर भरलेली असून पाणी काढता येत नव्हतं. दोर, बादली, आठवड्याची औषधं, पोहे, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. वादळाच्या दिवशी गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचं मेन स्विच बंद. गुरांची दावी सोडावीत, गोठा पडला तर बांधलेलं जनावर वाचत नाही. आणि एक गोष्ट पोरांनाही सांगून ठेवावी: वारा एकाएकी पडला, आभाळ उजळलं, तर वादळ गेलं असं समजून बाहेर पडू नये. केंद्र डोक्यावर असेल तर थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने येतो आणि पहिल्या फेरीत खिळखिळं झालेलं सगळं दुसऱ्या फेरीत पडतं.

गावाने मिळून दोन वस्तू घ्याव्यात. एक, झाडं कापायचं यांत्रिक करवत आणि ते चालवता येणारी चार पोरं. निसर्गनंतर मदत अडली ती रस्त्यावरच्या झाडांमुळे. दुसरी, ताडपत्र्या. 3 जूनला छपरं गेली आणि 11 जूनला कोकणात मोसमी पाऊस दाखल झाला. मधल्या आठ दिवसांत बाजारात पत्रे नव्हते, कौलं नव्हती, ताडपत्रीला मागेल ती किंमत होती. भिजलेलं धान्य, भिजलेली पुस्तकं, फुगलेली मातीची भिंत हे नुकसान वादळाने केलेलं नाही, त्यानंतरच्या पावसाने केलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात पन्नास ताडपत्र्या असत्या तर ते पुष्कळसं टळलं असतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पावसाळ्यानंतरच्या वादळांचा हंगाम सुरू झालेला असेल; फयान दिवाळी संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा आलं. कोकणातली कितीतरी घरं वर्षातले दहा-अकरा महिने कुलपात असतात. वादळात त्यांचं छप्पर गेलं तर ताडपत्री घालायला कोणी नसतं, पंचनाम्याला दार उघडायला कोणी नसतं आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. दिवाळीला गावी जाणार असाल तर एक दिवस घरासाठी काढा. शिडी लावून छपराचे आकडे बघा, फोटो काढा, सातबाऱ्यावर कोणाची नावं राहिली आहेत ते तलाठ्याकडे विचारा, ताडपत्र्यांसाठी ग्रामपंचायतीला वर्गणी द्या. आणि निघताना घराची एक किल्ली शेजारी ठेवून या.